अनसीन

चोपड्यात वीज सहाला जाते
आणि सातला येते, आली तर.
तिकडं तेव्हा साडेनऊ झालेले असतात.
वसतिगृहातले दिवे मालवायच्या आत
चीनमधली बत्तीस पोरं
मी लिहिलेला इंग्रजी उतारा सोडवतात.

मी त्यांना पाहिलेलं नाही. त्यांनी मला नाही.
त्यांच्या गावाचं नाव घेताना माझी जीभ
दरवेळी नव्या जागी ठेचकाळते.
यादीत नावंही नाहीत, नुसते नंबर.

एका उताऱ्याचे तीनशे रुपये.
शब्द दोनशे वीस, प्रश्न पाच, पर्याय चार-चार,
अवघड शब्द सहाच्या वर नकोत.
आधी दीपगृहावर लिहिलं, मग पेंग्विनांवर,
मग बर्फात हरवलेल्या कुत्र्यावर.
समुद्र मी एकदा पाहिलाय. बर्फ फक्त गोळ्याचा.

आम्हाला भिरूड सर सांगायचे,
उत्तर उताऱ्यातच असतं गं,
स्वतःच्या डोक्यात शोधायला जाऊ नका.
घरी अहिराणी, वर्गात मराठी, पेपरात इंग्रजी.
आम्ही प्रश्नातला शब्द उताऱ्यात गाठायचो
आणि त्याच्या आगचं-मागचं वाक्य उतरवून काढायचो.
मेडो म्हणजे काय हे न कळता मला एकाहत्तर मिळाले.
मेंढ्यांचं काहीतरी असावं असं वाटायचं.
फार चुकलं नव्हतं.

परवा विषयच संपले
तेव्हा सुपडू आप्पांवर लिहिलं.
केळीचा ट्रक भरतात, यावल रस्त्याला.
घडांमध्ये सुकी पानं कोंबतात, बाळाला दुपट्यात घालावं तसं.
दिल्लीची गाडी निघाली की हमाल विड्या पेटवतात,
आप्पा मात्र तसेच उभे राहतात,
मागचा तांबडा दिवा दिसेनासा होईपर्यंत.

प्रश्न पाचवा: म्हातारा उभा का राहतो?
अ, त्याला गाडीचा नंबर पाठ करायचा असतो.
ब, त्याची मजुरी अजून मिळालेली नसते.
क, त्याला दुसरं काम नसतं.
ड, यांपैकी नाही.
किल्लीत मी ब लिहिलं.
तिसऱ्या ओळीत मजुरीचा उल्लेख होता, मीच पेरलेला.

एकतीस जणांनी ब केलं.
सतरा नंबरनं एकाही गोलाला हात लावला नाही.
खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं,
क्रियापद चुकवून, पण सरळ:
माझी बस निघते तेव्हा माझे वडील असेच उभा राहतात.

व्यवस्थापक म्हणाल्या, शून्य.
उताऱ्यात वडील नाहीत. बसही नाही.
बरोबर आहे त्यांचं. भिरूड सरही हेच म्हणाले असते.

पण रात्री झोप लागेना.
सकाळी स्कुटी काढून काट्यावर गेले, आप्पांनाच विचारलं,
गाडी गेल्यावर तुम्ही थांबता ते कशासाठी?
मजुरी राहिलेली असते? की कुणाची आठवण येते?
त्यांनी माझ्याकडं पाहिलं,
मला एवढंही कळत नाही याची कीव आल्यासारखं.
'धूय बसाले टाइम लागस ना बेटा.
तवलोंग कोन डोयामा धूय घी?'

एवढंच.
ना मजुरी, ना माया, धूळ.
माझी किल्ली चुकलेली, सतरा नंबरही चुकलेला,
एकतीस जण तर ठरवून चुकलेले, माझ्याच सांगण्यावरून.

तरी परत येताना आरशात पाहिलं.
धूळ केव्हाच खाली बसली होती.
आप्पा उभेच होते.

आता सहाला दहा कमी आहेत.
गुणांच्या चौकटीत फक्त आकडा चालतो, अक्षर टाकलं की ती लाल होते.
सतरापुढचा शून्य मी खोडलाय,
दुसरं काही अजून टाकलेलं नाही.
पंखा फिरतोय. कर्सर लुकलुकतोय.
कुठल्याही क्षणी वीज जाईल.