अठरा ग्रॅम

पोळ्याच्या आठवड्यात गावाची डीपी जळाली,
म्हणून बाबांच्या इंजनावरचं पोतं काढलं.
सहा हॉर्सपावर, हिरवा रंग उडालेला.
तिसऱ्या हँडलला धरलं,
आणि धरलं ते सुटलंच.
साडेसहाशे चकरांचं इंजन हजाराकडे निघालं,
पट्टा फडफडला,
शेजारचा गोऱ्हा दावं तोडून पांदणीला लागला.
कादर मिस्त्रीनं डिझेलचा कॉक बंद केला,
घाम पुसला:
"याचा गव्हर्नर कुठी हाये, बाई?"

जागा होती. फ्लायव्हीलवर दोन रिकामी भोकं,
एक गंजलेली स्प्रिंग. वजनं नव्हती.

मूर्तिजापूर झालं, कारंजा झालं.
अकोल्याच्या भंगारात एक जण म्हणाला,
मागच्या साली आले असते तर तीन दिले असते,
किलोच्या भावानं.

तोवर मीच गव्हर्नर.
पालथ्या डब्यावर बसून, रॅकची दांडी चिमटीत धरून,
नऊ दिवस.
ज्वारी पडली की आवाज बसतो. थोडं द्यायचं.
हॉपर रिकामा झाला की चढतो. परत घ्यायचं.
हे डोळ्यांनी होत नाही. कानांनीही नाही, खरं तर.
टाचेखालची जमीन सांगते.
रात्री झोपेत अंगठा चालायचा,
पोरगी विचारायची, आई, काय पिळतेस?

दहाव्या दिवशी मिस्त्रीची नजर कोनाड्यात गेली.
इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हापासून
लोखंडी बाट तिथंच पडून, थोरल्यापासून बारक्यापर्यंत.
दोनशेचे दोन उचलले:
"वजनच तं पाह्यजे.
गोल नसले तं काय झालं, लग्न लावाचं हाये काय?"

सारखी भोकं पाडली, सायकलच्या ॲक्सलच्या पिना केल्या,
स्कूटरच्या स्टँडची स्प्रिंग.
इंजन चाललं, पण लंगडत.
चढायचं, अडायचं, एकदम बसायचं,
दमेकरी घाट चढतो तसं.
मिस्त्रीनं कॉलर घासली, ग्रीस दिलं,
स्प्रिंगचा एक वेढा कापला.
मग बिडी पेटवून गप्प बसला.
"एक बाजू वढते, दुसरी नाही वढत. कॉलर तिरपी होते.
बाट सारखे नाहीत, बाई."

काट्यावर ठेवले.
एक दुसऱ्यापेक्षा अठरा ग्रॅम कमी.
उलटा केला. तळाशी सरकारी ठशाचं शिसं,
वरून जसंच्या तसं, पण नखाएवढं पातळ.
आतून पोखरून चकती पुन्हा बसवलेली,
सांधा दिसू नये अशी.
बाबांचा हात किती नीट होता.

उकंडरावचं माप म्हणजे देवाचं माप,
तिरडी बांधतानाही कोणी म्हणालं होतं.
दर बुधवारी दोनशे तिखट नेणारी बनाबाई सोनुने.
कोणाचं दोनशे बेसन, कोणाची हळद.
अठरा ग्रॅम तिखटात
एका घराची सांजेची भाजी होते.
मी बुधवार मोजायला लागले
आणि माझ्या कॉलेजच्या बसपासाशी येऊन थांबले.

मिस्त्री खाली पाहत होता.
"जड हाये तो घासून हलका करतो.
पाच मिनिटांचं काम."
"नाहीतर?"
"नाहीतर हलक्यात शिसं भरा लागते."

जुन्या बॅटरीचं शिसं आणलं. परसात, चुलीवर, फुटक्या पळीत
ते आधी आरशासारखं लखलखलं,
मग त्यावर साय धरली.
भोकात ओतताना मिस्त्री म्हणाला, मागं सरका.
मी सरकले नाही.

बसवताना त्यानं दोन्ही बाट
तळ आतल्या अंगाला करून बसवले.
मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.

आता ज्वारी पडते, बाट मिटतात, डिझेल जातं.
हॉपर रिकामा होतो, बाट पसरतात,
आणि इंजन आपणहून हात आखडता घेतं,
कोणी पाहत नसलं तरी.

बुधवारी बनाबाई आली.
पुडी हातावर तोलत म्हणाली,
"काटा बिघडला का वं? जड लागू राह्यलं."
इंजन चालू होतं.
मला ऐकूच आलं नाही, असं केलं.