जत, काउंटर दोन

मगदूम आण्णा निवृत्त झाले त्या दिवशी
नारळ त्यांना मिळाला, वही मला.
शंभर पानी, पुठ्ठ्यावर हळदीचा डाग,
मार्केट यार्ड शाखेतला. तो जात नाही.

आत पतसंस्थेच्या बारा शाखा, एकसष्ट संगणक.
विटा एक : आधी प्रिंटर, मग फॉन्ट. उलट केल्यास चौकोन येतात.
पलूस : तारीख बघणे. सेल गेलाय, दरवेळी दोन हजार सालात जातो.
शिराळा तीन : 'पुढे' दोनदा दाबू नये.
आटपाडी : मॅनेजरांचा चहा झाल्याशिवाय हात लावू नये.

पासबुक छपाईचं नवं काही आलं
की आण्णा सहाच्या एसटीनं निघायचे,
पिशवीत सीडींचं पाकीट, स्क्रू ड्रायव्हर, भडंगाची पुडी.
एकेका खुर्चीत बसून
होय, पुढे, पुढे, मान्य आहे, पुढे, समाप्त.
बाराव्या शाखेत पोचेपर्यंत
पहिल्या शाखेतलं जुनं झालेलं असायचं.
आणि एकच काम एकसष्ट वेळा करणारा माणूस
एकसष्ट वेळा तेच करत नाही.
कुठं सी ड्राइव्ह, कुठं डी,
कुठं जेवायची वेळ झालेली.

मग कृष्णा मुख्य कार्यालयात आली,
खालच्या ड्रॉवरपर्यंत.
सतरा संगणक गेले. वही वाचली, फुगून.
नवे सतरा खोक्यांतून उतरले तेव्हा
मी दोन रात्री वही पुढ्यात घेऊन टाइप करत बसले.
आण्णांचं एकेक वाक्य आज्ञा होत गेलं :
जुनं असेल तर काढ.
जागा नसेल तर थांब, आणि मला कळव.
फॉन्ट आधी की प्रिंटर, हे एकदाच ठरव.
कुणालाही काही विचारू नकोस.

सोमवारी पहाटे दोनला
बारा गावांत, बंद शटरांच्या आत
पंखे फिरले. मी विश्रामबागेत झोपले होते.
सकाळी माझ्या पडद्यावर एकसष्टपैकी एकसष्ट हिरवे.
फोन नाही. कुणाला कळलंसुद्धा नाही,
आणि या कामात तीच शाबासकी.

दहा चाळीसला फोन आला. जतहून.
काउंटर दोन, महादेवी बिराजदार.
"मशीन मुकं झालंय की हो बाई.
एंट्री पडली का न्हाई, कळंना मला."
रांग मागं ऐकू येत होती.

आवाज मीच बंद केला होता, सगळ्यांचा,
काउंटरवर टिंग टिंग कशाला, म्हणून.
वही पुन्हा काढली. पुरात चिकटलेली दोन पानं
पट्टीनं सोडवली. आत एकच ओळ,
निळी शाई पसरलेली :
जत, काउंटर दोन : आवाज बंद करू नये.
कारण लिहिलेलं नाही.

आण्णांना फोन लावला.
"एका डोळ्यानं दिसत न्हाई तिला, दुसऱ्यानं जेमतेम.
ऐकून काम करती. वीस वर्षांत एक रुपाया चुकला न्हाई."
मग लिहून का नाही ठेवलंत?
"मला म्हाईत होतं की!"

पॅकेजमध्ये एक ओळ वाढवली.
यंत्राचं नाव जत-दोन असेल, तर आवाज राहू दे.
आणि वर एक टीप, जी यंत्र वाचत नाही, ओलांडून जातं :
बिराजदार मॅडम ऐकून काम करतात. मगदूम आण्णांच्या वहीतून.
उद्या माझ्या खुर्चीत कुणी बसेल
आणि ही ओळ कशाला, म्हणून पुसायला जाईल,
त्याच्यासाठी.

पुढच्या आठवड्यात आण्णा पेन्शनच्या कामाला आले,
पुडी टेबलावर ठेवली, पडद्यावरच्या ओळी
चष्मा कपाळावर सरकवून वाचल्या, सगळ्या.
बरंय, म्हणाले. एका संध्याकाळीत सतरा!
मला महिना लागला असता.
थोड्या वेळानं : "आटपाडीचा चहा
कुठल्या ओळीत घातलास गं?"

मी पुडीची गाठ सोडत राहिले.