मूठ

भोसरीत, सतरा नंबरच्या गाळ्यात
वेगळाच ऋतू असतो.
बाहेर श्रावण भिंतींतून झिरपतो,
आत काट्यानं पंचेचाळीसच्या पुढं जायचं नाही.

दर तासाला आकडा मी लिहिते.
त्रेचाळीस. चव्वेचाळीस. चव्वेचाळीस.
यंत्र हवा पिळत राहतं
आणि नळीतून बादलीत ठिबकतं पाणी,
कुणाच्या श्वासाचं, कुणाच्या घामाचं.

रखमाजी थोपटे काट्याकडं बघत नाहीत.
हातमोजा चढवून मिरचीपूड दाबतात,
मूठ उघडतात.
भुरभुरली तर ठीक.
आज गोळा तसाच राहिला, बोटांच्या खुणांसकट.
"लाइन थांबव, शोभने."
काटा पलीकडच्या कोरड्या भिंतीवर
म्हणतच होता, चव्वेचाळीस.

दाराचं रबर खाली फाटलेलं सापडलं, करंगळीएवढं.
अकरा पोती बाजूला, प्रत्येकावर फुली.
मालकांचा फोन आला, दोनदा.
आकडा मी खोडला नाही,
शेजारी लिहिलं: मूठ.

सकाळी दिघीला, खोलीवर,
रविवारी धुतलेला युनिफॉर्म अजून दमट.
पाळण्यामागं भिंतीला काळी बुरशी.
परवाच पुसली होती.

इथं काटा नाही.
लेकराच्या छातीला कान लावते,
घरघर मोजते.