पेव म्हणजे खड्डा नव्हे

पहिला नियम : दिसतं तेवढंच लिहायचं.
दुसरा : एकवचनात. पणती, पणत्या नाही,
शंभर असल्या तरी पणती.
तिसरा : विशेषण नको.
'सुंदर', 'दुर्मीळ' असं लिहिणाऱ्याचा
पासवर्ड आठवडाभर बंद.
माझा एकदा झालाय.
'केविलवाणं' लिहिलं होतं, एका माकडाला.

सांगलीत, गणपती पेठेत, एका जिन्याखाली
मी तांबोळी स्टुडिओच्या काचा उजेडावर धरते,
स्कॅन करते, खुणा लिहिते.
खूण हा माझा शब्द. संग्रहात टॅग म्हणतात.

हरिपूरचं एक पेव निघालं.
तोंडाशी कंदील, आत गेलेली ताणलेली दोरी,
आणि उतरणाऱ्या माणसाचं
जमिनीच्या वर उरलेलं मुंडासं.
लिहिलं : पेव, दोरी, कंदील, मुंडासं.
हळद लिहिली आणि खोडली. हळद आत होती, दिसत नव्हती.

सकाळी बघते तर पेवाचा खड्डा झालेला.
कुठल्यातरी लांबच्या तपासनिसानं
समानार्थी म्हणून दोन्ही एकत्र बांधलेले.
आता पेव शोधलं की
डांबरी रस्त्यावरचे खड्डे, वृक्षारोपणाचे खड्डे,
नवंकोरं फावडं धरलेले एक मंत्री.

मी हरकत नोंदवली.
खड्ड्याला नुसतं तोंड असतं, पेवाला पोट असतं.
खड्ड्यात माणूस पडतो. पेवात उतरतो,
तेही आधी कंदील सोडून; तो विझला
तर माणूस सोडत नाहीत.
शिवाय फुटायचं झालं तरी पेवच फुटतं,
खड्ड्याचं काही फुटल्याचं मी ऐकलेलं नाही.
उत्तर आलं : संदर्भ जोडा.

तोवर मी पुराच्या पेटीकडे वळले.
चिखल धुऊन वाळवलेल्या काचा.
एका लग्नात डाग खालून वर चढत गेलेला,
नवरी गुडघाभर पाण्यात,
भटजींचं ताट तरंगल्यासारखं.
'पाणी' लिहायचं का?
नियम सातवा : कॅमेऱ्यासमोर होतं तेच.
नंतर आलेलं नुकसानीच्या रकान्यात.
कृष्णेला फोटोत यायला
पन्नास वर्षं उशीर झाला.
लिहिलं : डाग, खालची बाजू, चाळीस टक्के.

संदर्भ म्हणून आदगोंडा मगदूम आले,
जन्मभर हळदीची पोती वाहिलेले.
चपला जिन्याबाहेर काढून
स्क्रीनच्या अगदी जवळ गेले.
'ह्यो शिदू. डावीकडं गाठ त्योच मारायचा.'
मग आतला वास कसा डोक्यात चढायचा, ते सांगत राहिले.
वासाला नियम नाही, कारण रकानाच नाही.

त्यांच्या सहीवर, तीन आठवड्यांनी,
पेव सुटं झालं. मंत्री गेले.
शिदू मात्र अडकला.
नावाला साक्षी दोन लागतात,
एका साक्षीचं नाव
प्रश्नचिन्ह लावून वेगळ्या कप्प्यात ठेवतात.
तिथं आत्ता दोनशे अकरा माणसं आहेत.

मी विचारलं, आणखी कोण होतं त्या दिवशी?
ते दोरीवर बोट ठेवून सरकवत गेले
मुंडाशापासून वर, उजवीकडे,
काच संपते तिथपर्यंत, मग तिच्याही पुढे,
टेबलाच्या कडेवर.
'ह्ये टोक माझ्याकडं हुतं की.'

मी त्यांना पहिला नियम सांगितला.
बरोबर हाय, म्हणाले.
थोड्या वेळानं म्हणाले,
'पर वर वढला का न्हाई,
त्ये कुठं लिवता?'

खाली मिरजेची बस हॉर्न देत होती.
ते चपला घालून गेले, पंखा तसाच फिरत राहिला.
मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.
'दोरी' हा शब्द उघडून पुन्हा तपासला.
एकवचन. विशेषण नाही.
जतन केला.