डावपेच, आवृत्ती सतरा

सेकंड शिफ्ट सुटली, अंबडहून पवननगरला आलो,
हातांना अजून कूलंटचा वास.
लॅपटॉप उघडला तर माझा संघ
तळातून दुसरा.

माझा म्हणजे खेळातला.
कुठल्याशा थंड देशाच्या पाचव्या विभागातलं गाव,
नाव अजून मला धड उच्चारता येत नाही.
स्टेडियम नऊशेचं, येतात दोनशे दहा,
आणि कंप्युटरने जन्माला घातलेले अकरा जण
माझ्या भरवशावर.

पहिल्या आवृत्तीत सगळ्यांना पुढे ढकललं.
बचावफळी मध्यरेषेपर्यंत,
प्रेसिंग कमाल, वेग कमाल, सगळंच कमाल.
सत्तर मिनिटं आम्ही राजे होतो.
मग पाय गेले,
आणि त्यांच्या एका लांब चेंडूमागे
माझे दोन्ही सेंटर-बॅक असे धावले
जसं सुटलेल्या सिटीबसमागे धावावं,
पिशवी सावरत, लाजेखातर.
शून्य-चार.

दुसरीत चिडून सगळे मागे घेतले.
तिसरीत मधल्या फळीत पाच जण कोंबले
तर तिथे द्वारका चौक झाला:
जो तो घुसतोय, निघत कुणीच नाही,
आणि मधोमध चेंडू
ॲम्ब्युलन्ससारखा.

चौथी, पाचवी, सहावी
सांगण्यासारखी नाहीत.

आई पाणी प्यायला उठली.
हिरव्या पडद्यावरचे अकरा गोल बघून म्हणाली,
"ठिपके तर काढलेस. रेषा कोण काढणार?"
आणि झोपायला गेली.

कारखान्यात पार्ट रिजेक्ट झाला की
शेवाळे नाना ऑफसेटमध्ये एकच आकडा बदलतात.
दोन शतांश. बस.
पार्ट काढतात, मायक्रोमीटर लावतात, चहा पितात.
"दोन गोष्टी एकदम फिरवल्यास ना,
तर कशाने सुधारलं तेही कळायचं नाही.
बिघडलेलं परवडतं रे,
न कळता सुधारलेलं परवडत नाही."

सातवीपासून मी जॉबकार्डांच्या पाठीवर लिहू लागलो.
एक मॅच, एक बदल.
बचावफळी दोन पावलं मागे: एक-दोन.
गोलरक्षकाने लांब मारणं बंद: एक-एक.
उजव्या बॅकला मोकळा सोडला, एकोणीस वर्षांचं पोरगं,
फुप्फुसं दोघांची: शून्य-शून्य.
शून्य-शून्यने इतका आनंद होतो
हे मला माहीत नव्हतं.

मग अकराव्या आवृत्तीत तो दिसला.
डाव्या कडेला, वय चौतीस.
वेग वीसपैकी सहा.
दृष्टी सतरा.
आणि मी त्याला दहा मॅचेस
पळायला लावत होतो.

त्याला उचलून मधोमध उभा केला.
सूचना कोरी ठेवली. प्रेसिंग नको, मागे येणं नको.
बाकीचे पळतील. तू बघ.

सतरावी.
सत्त्याऐंशीव्या मिनिटाला त्याच्याकडे चेंडू आला,
त्याने तो रिकाम्या जागेत ढकलला.
तिथे कुणीच नव्हतं. मी शिवी दिली.
शिवी संपायच्या आत
ते एकोणीस वर्षांचं पोरगं तिथे होतं.

तोंडावर उशी धरून ओरडलो.
शेजारच्या खोलीतून आई खोकली.

नऊ मॅचेस जिंकलो.
आता सगळे आम्हाला ओळखतात,
आल्यापासून दार लावून बसतात,
काल पुन्हा शून्य-शून्य,
आणि या वेळी आनंद झाला नाही.

आज खेळाच्या इनबॉक्समध्ये एक ओळ आलीये:
हंगाम संपल्यावर तो निवृत्त होतोय.
शेवाळे नानांचेही सात महिने राहिलेत.
त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही.
काय सांगणार, की तुम्ही एका बर्फाळ गावात
पंधराव्या क्रमांकावरून पाचव्यावर आलात?

अठरावी उघडली. त्याचा ठिपका काढून बघितला.
पुढे आठवडाभर फर्स्ट शिफ्ट, पाचला उठायचंय.
खेळ लाल अक्षरांत सांगतो: अकरा पूर्ण करा.

माहितीये रे.
थांब जरा.