एल्कचा आठवडा

तुर्कूच्या गोदीत, तिसऱ्या मजल्यावर
ताइमीच्या पडद्यावर जहाज आडवं पसरलंय:
निळ्या पट्ट्या, एकीच्या शेपटाला दुसरी बांधलेली,
ही संपल्याशिवाय ती सुरू नाही.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा मात्र लालभडक.
वेल्डर हवेत चौदा, हाताशी तीन.
सॉफ्टवेअर विचारतं, कारण निवडा:
आजारपण, प्रशिक्षण, रजा.
एल्कची शिकार, असा पर्याय नाही.

हॅम्बुर्गहून फोन. अकरा माणसं
एकदम गेली कुठं?
जंगलात, ती म्हणते.
पलीकडे बराच वेळ कुणी बोलत नाही.

उर्होला तिनं विचारून पाहिलं होतं,
दोन दिवस आधी येशील का?
तो हातमोजे झटकत म्हणाला,
एल्कला विचारून सांगतो.

शेवटी ती 'रजा' निवडते, अकरा वेळा,
आणि पाइपांची पट्टी चार दिवस पुढे ओढते.
मागच्या सत्तर आपोआप सरकतात,
शाळा सुटल्यावर रांगेत चालणाऱ्या
शहाण्या पोरांसारख्या.
त्यांतली एकही विचारत नाही, का.

सोमवारी तिच्या टेबलावर
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी, जड, थंड.
एका कोपऱ्यातून कागद ओला झालेला.
चिठ्ठी नाही.

कॅन्टीनच्या फ्रीजमध्ये दह्याचे डबे बाजूला सारून
ती त्याला जागा करते,
वर चिकटपट्टीवर लिहिते: ताइमी. हात लावू नये.
मग खाली, अजून बारीक अक्षरात,
रविवारी चार तास लागतील.