तळघराचा आकडा

घर घेऊन तीन वर्षं झाली तेव्हा
कुणीतरी म्हणालं, तळघराची हवा तपासून घ्या.
कोळशाची चपटी डबी, झाकण उघडून
दोन दिवस कपडे धुवायच्या मशीनशेजारी ठेवली,
मग चिकटपट्टी लावून टपालात टाकली.
उत्तर आलं: सात पूर्णांक दोन.
खाली छापलेलं, चाराच्या वर असेल तर वाट बघू नका.

रेडॉन. वास नाही, रंग नाही.
आयोवाच्या काळ्या मातीतून, मक्याच्या मुळांच्याही खालून
तो वर येतो, भेगा हुडकतो
आणि फुप्फुसात बिऱ्हाड करतो.
आईला समजावून सांगितलं.
ती म्हणाली, "भुईला नावं ठेवू नयेत,"
आणि गालात बोट फिरवत राहिली.

मिश्री. कराडहून आलेली,
औषधाच्या बाटलीत, बाटली मोज्यात गुंडाळून.
संपली तेव्हा तिने माझ्या धिरड्यांच्या तव्यावर
तंबाखू भाजली. धुराचा अलार्म असा किंचाळला
की शेजारची मार्डेल अनवाणी धावत आली.
मी म्हटलं, मसाला.
इंग्रजीत खोटं बोलताना लाज कमी वाटते.
तंबाखू पेट्रोल पंपावरून मीच आणून दिली होती.
ही एक ओळ लिहायला चार दिवस लागले.

व्हर्लिन आला पाइप बसवायला.
साठीचा, गुडघ्यांना गाद्या बांधलेला.
काँक्रीटला भोक पाडलं, पांढरा पाइप
भिंतीला धरून छपरापार नेला, वाटेत पंखा.
"खालचं खालूनच बाहेर काढायचं," म्हणाला,
"तुमच्या छातीतून नाही."
आईने त्याला चहा दिला
आणि त्याच्या जीनच्या खिशाकडे बोट केलं:
कापड झिजून उमटलेला वाटोळा ठसा,
आत डबी.
तिला भाषा लागली नाही.
कमरेची बाटली काढून तिने समोर धरली.

तो हसला. मग हसायचा थांबला
आणि खालचा ओठ बोटाने ओढून दाखवला,
दुधाच्या सायीसारखा चट्टा, शेजारी टाक्यांची रेघ.
"तुकडा काढून तपासला गेल्या वर्षी. वाचलो.
सुटत मात्र नाही."
आई बराच वेळ बघत होती,
मेथी निवडताना बघते तशी.
"विचार त्याला, आधी दुखलं होतं का?"
मी विचारलं.
नाही, म्हणाला. कधीच नाही.

त्या रात्री न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं.
आरशासमोर आई, एका हातात फोनची बॅटरी,
दुसऱ्या हाताने गाल ताणलेला.
मी जिन्यात उभी, पाण्याला आले होते,
तशीच परत वर गेले.

आता आकडा एक पूर्णांक तीन.
पंखा रात्रंदिवस घुमतो, त्याची सवय झाली.
दातांच्या डॉक्टरांकडे गुरुवारी नंबर लावलाय,
तिनेच विचारलं, "लांब आहे का?"
बाटली कपाटात आहे, अर्ध्याच्या थोडी खाली.
रोज सकाळी मी पातळी बघते.
ती मला बघताना बघते.